नावाने घटक शोधताना : ब्राउझर घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ब्लिंक (क्रोम, एज), गेको (फायरफॉक्स) आणि वेबकिट (सफारी) या ब्राउझर इंजिनांवर काम करणारे सर्व अभियंते,
तसेच एचटीएमएल मानकाचे संपादक यांस

विषय : पानावरील घटक नावाने शोधताना मिळणारी वेगवेगळी उत्तरे

सस्नेह नमस्कार.

एचटीएमएल मानकात विंडोबद्दलचा, म्हणजे पानाच्या खिडकीसाठी असलेल्या जावास्क्रिप्ट वस्तूबद्दलचा, जो भाग आहे, तिथे तुम्हीच एक इशारा लिहून ठेवला आहे. पानावरच्या घटकाला आयडी (त्याची ओळख) दिला की तो त्याच नावाच्या ग्लोबल व्हेरिएबलसारखा, म्हणजे कोडमध्ये कुठूनही घेता येणाऱ्या नावासारखा, आपोआप हाताशी येतो. मात्र या सोयीवर विसंबून लिहिलेला कोड ठिसूळ होतो, नवी वैशिष्ट्ये येतील तसे कोणते आयडी असे मिळतील हे बदलत जाते, तेव्हा त्याऐवजी 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी' किंवा 'क्वेरी-सिलेक्टर' या शोधण्याच्या मेथड (वस्तूला जोडलेली फंक्शन) वापरा, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. तो अगदी बरोबर आहे. पण जी गोष्ट वापरू नका म्हणून तुम्ही सांगता, ती बंद करायचा एकही मार्ग तुम्ही पान लिहिणाऱ्याच्या हाती दिलेला नाही. मी तिला स्पर्शही केला नाही तरी ती माझ्या प्रत्येक पानावर चालू असते. इशारा देऊन वर्षे उलटली, बंद करायचे बटण आजही नाही. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी फॉर्म लिहिते. नोंदणीचे, अर्जांचे, तक्रारींचे, कधी एका पानाचे तर कधी पंधरा टप्प्यांचे. फॉर्म लिहिणाऱ्याला नेम हा गुणधर्म टाळता येत नाही. नेम नसलेल्या रकान्यातली माहिती सर्व्हरकडे जातच नाही. आणि हे नेम बहुतेक वेळा माझ्या पसंतीचे नसतात. डेटाबेसमधल्या कॉलमांवरून, जुन्या सर्व्हरच्या अपेक्षांवरून, दुसऱ्या टीमने ठरवलेल्या करारावरून ते माझ्यापर्यंत येतात. 'आयडी', 'नेम', 'स्टेटस', 'ॲक्शन', 'डिस्क्रिप्शन', 'टाइप', 'लेंग्थ' ही नावे जगातल्या कुठल्याही डेटाबेसमध्ये सापडतील. त्यामुळे 'नावे जरा जपून ठेवा' हा सल्ला माझ्या कामाचा नाही. नेम म्हणजे माहितीवरची चिठ्ठी, ती सर्व्हरला वाचण्यासाठी असते. तीच चिठ्ठी ब्राउझर जावास्क्रिप्टच्या वस्तूंवर प्रॉपर्टी म्हणून चिकटवतो आणि तिथून माझा त्रास सुरू होतो.

हे सगळे आले कुठून, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. डिसेंबर 1999 मध्ये आलेल्या एचटीएमएल 4.01 ने आयडी आणि नेम हे एकाच नामावकाशात (नावांच्या एकाच यादीत) राहतात असे अँकरच्या संदर्भात लिहिले. पानातले घटक कोडला कसे दिसावेत हे ठरवणारे डॉम लेव्हल 1 हे मानक त्याआधीच, ऑक्टोबर 1998 मध्ये आले होते आणि त्यात 'गेट-एलिमेंट्स-बाय-नेम' ही मेथड होती. त्याच्याही आधी, 1997 मधल्या इंटरनेट एक्सप्लोरर 4 ने 'डॉक्युमेंट.ऑल' हा पानावरच्या सर्व घटकांचा संग्रह आणला होता आणि त्यात आयडी नि नेम दोन्ही एकाच झोळीत होते. या गोंधळाची किंमत पुढची दहा-बारा वर्षे पाने लिहिणाऱ्यांनी मोजली.

इंटरनेट एक्सप्लोरर 7 पर्यंत 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी' ही मेथड नेमसुद्धा जुळवून पाहायची. पानाच्या शीर्षभागात शोधयंत्रांसाठी 'डिस्क्रिप्शन' नेम असलेला मेटा टॅग असायचा आणि खाली फॉर्ममध्ये 'डिस्क्रिप्शन' आयडीचा मजकुराचा रकाना. आयडीने रकाना मागितला की हातात मेटा टॅग यायचा, कारण पानावर तो आधी येतो. कोड शुद्ध, पान शुद्ध, इतर ब्राउझरांत सगळे सुरळीत, आणि त्या एकाच ब्राउझरमध्ये रकाना कायम रिकामा. आयडीतली लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही तो सारखीच धरायचा. उलट बाजूने 'गेट-एलिमेंट्स-बाय-नेम' आयडी जुळलेले घटकही परत करायची, पण स्पॅनसारख्या टॅगला नेम दिला असेल तर त्याला वगळायची. जावास्क्रिप्टने नवा रकाना तयार करून मग त्याला नेम दिला तर ते नेम नीट लागायचे नाही. त्यासाठी घटक तयार करतानाच टॅगचा अख्खा मजकूर, कोनी कंसांसकट, मेथडला द्यावा लागायचा आणि तोच कोड इतर ब्राउझरांत चूक ठरायचा.

मार्च 2009 मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर 8 ने मानक मोडमध्ये (मानकाप्रमाणे पान दाखवण्याच्या पद्धतीत) आयडीचा शोध दुरुस्त केला. तोवर जेक्वेरीसारख्या लायब्ररींनी (तयार कोडच्या संग्रहांनी) आपल्या पोटात चाचण्या भरून ठेवल्या होत्या. एक खोटा घटक पानात टाकायचा, त्याला आयडी द्यायचा, मग नेमने शोधून तो सापडतो का ते बघायचे. सापडला तर हा ब्राउझर बिघडलेला आहे असे धरून वेगळ्या वाटेने जायचे. दुसऱ्या कुणाच्या तरी कोडमध्ये असा एक तुकडा असायचा म्हणून आमची पाने चालायची. ज्यांनी तो लिहिला, त्यांचे आभार इथे मानायलाच हवेत.

हा जुना इतिहास झाला, असे तुम्ही म्हणाल. इंटरनेट एक्सप्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला हे मलाही माहीत आहे. पण मायक्रोसॉफ्ट एजमधला त्याचा सुसंगतता मोड किमान 2029 पर्यंत चालू राहील असे जाहीर झालेले आहे आणि त्या मोडमध्ये आधीच्या आवृत्त्यांसारखे वागणारे जुने डॉक्युमेंट मोडही जिवंत आहेत. ज्या कार्यालयांची अंतर्गत सॉफ्टवेअर त्यावर चालतात, तिथे हे प्रश्न आजचेच आहेत. तरीही माझे खरे गाऱ्हाणे त्या ब्राउझरबद्दल नाही. त्याचे वागणे निदान चूक म्हणून ओळखले गेले आणि सुधारले गेले. आज जे वेगवेगळे वागणे उरले आहे ते मानकात लिहिलेले आहे, तिन्ही इंजिने ते इमानाने पाळतात, आणि म्हणून ते सुधारण्याची जबाबदारी कुणाचीच राहिलेली नाही.

आता तक्रारी.

पहिली. एकाच पानावर, एकाच नेमने, आजच्या एकाच ब्राउझरमध्ये शोधले तरी कुठून शोधले त्यावर उत्तर बदलते. 'गेट-एलिमेंट्स-बाय-नेम' फक्त नेम बघते आणि कोणताही एचटीएमएल घटक चालवून घेते, मग तो मेटा असो, आयफ्रेम असो की स्लॉट. फॉर्मचा 'एलिमेंट्स' हा संग्रह नेम आणि आयडी दोन्ही बघतो, पण त्यात फक्त फॉर्मचे रकाने असतात, आणि त्यातूनही इमेज प्रकारचे इनपुट ऐतिहासिक कारणांसाठी वगळलेले असते. डॉक्युमेंटवर थेट नाव घेतले तर एम्बेड, फॉर्म, आयफ्रेम, इमेज आणि ऑब्जेक्ट एवढेच नेमने मिळतात. विंडोवर थेट घेतले तर आयडी कोणत्याही घटकाचा चालतो, नेम मात्र एम्बेड, फॉर्म, इमेज आणि ऑब्जेक्ट यांचाच, आणि आयफ्रेमच्या नेमने घटक न मिळता त्याची आतली विंडो मिळते. 'डॉक्युमेंट.ऑल'ची यादी आणखी वेगळी. तिच्यात अँकर, बटण, इनपुट, मॅप, मेटा, सिलेक्ट हेही नेमने सापडतात. आणि एक नियम तर असा आहे की तो मी सहकाऱ्यांना समजावून सांगते तेव्हा त्यांना मी काहीतरी चुकीचे वाचले असे वाटते. इमेजला नुसता आयडी असेल तर ती डॉक्युमेंटवर त्या नावाने मिळत नाही. त्याच इमेजला दुसरे कुठलेही नेम दिले की मग ती आयडीने मिळायला लागते.

एवढ्या याद्या पाठ करून कुणी काम करू शकत नाही. मीही करत नाही, दर वेळी मानक उघडून बघते. नवशिक्याने काय करावे?

दुसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त छळते. उत्तर किती घटकांचे आहे यावर उत्तराचा प्रकारच बदलतो. फॉर्मच्या 'एलिमेंट्स' संग्रहातून एखादे नेम मागितले आणि त्या नेमचे अनेक रकाने असले तर रेडिओ-नोड-लिस्ट ही यादी मिळते. एकच रकाना असला तर थेट तो रकाना मिळतो. एकही नसला तर चौकटी कंसाने मागितल्यास 'अनडिफाइन्ड' आणि 'नेम्ड-आयटम' मेथडने मागितल्यास 'नल', म्हणजे 'काही नाही' याचीही दोन वेगळी उत्तरे. सर्व्हरकडून आलेल्या यादीवर चेकबॉक्स उभे करणारे पान डोळ्यांपुढे आणा. यादीत दहा नोंदी असताना सगळे उत्तम चालते, दोन असताना चालते, आणि एका वापरकर्त्याच्या यादीत एकच नोंद उरते त्या दिवशी 'लेंग्थ' नावाची प्रॉपर्टीच सापडत नाही. लूप एकदाही फिरत नाही, कुठलीही त्रुटी दिसत नाही, आणि निवडलेली एकमेव नोंद न पाठवता पान पुढे जाते. चाचणी करणाऱ्यांकडे नेहमी भरपूर नमुना माहिती असते, त्यामुळे हे त्यांच्या हाती लागत नाही. ते लागते ज्याच्या खात्यात खरोखर एकच नोंद आहे अशा माणसाच्या.

याहून वाईट प्रकार सिलेक्टचा आहे. तिथे एकटा रकाना परत आला तरी त्याला 'लेंग्थ' असते, आणि ती असते त्याच्या पर्यायांची संख्या. म्हणजे लूप चालतो, फक्त रकान्यांऐवजी पर्यायांवरून चालतो. बग पकडायला सर्वांत अवघड असा जो प्रकार असतो, चुकीचे पण वरकरणी शहाणे दिसणारे उत्तर, तोच इथे मानकाने दिलेला आहे.

त्यातच फील्डसेट, म्हणजे फॉर्ममधल्या रकान्यांचा गट, येतो. फील्डसेटलाही 'एलिमेंट्स' असा संग्रह आहे. नाव तेच, पण प्रकार साधा. एकाच नेमचे चार रेडिओ बटण असले तर फॉर्मचा संग्रह चौघांची यादी देतो आणि त्याच फॉर्ममधल्या फील्डसेटचा संग्रह फक्त पहिले बटण देतो. फॉर्मसाठी लिहिलेले फंक्शन फील्डसेटला लावले की ते अर्धवट चालते.

तिसरी तक्रार फॉर्मच्या स्मरणशक्तीची. फॉर्मवर थेट एखाद्या रकान्याचे नाव घेतले, मग त्या रकान्याचे नेम बदलले, तरी फॉर्म जुन्या नावानेही तोच रकाना परत देत राहतो. मानकात यासाठी 'पास्ट नेम्स मॅप' असा स्वतंत्र नकाशाच आहे. 'फॉर्म.एलिमेंट्स'वरून मागितले तर असे होत नाही. आणि फॉर्मवर आधी कधी ते जुने नाव घेतलेच नसेल तरीही होत नाही. म्हणजे आधी कुणी काय विचारले होते यावर आजचे उत्तर अवलंबून. ओळींची भर घालता येईल आणि त्या पुन्हा क्रमाने लावता येतील असे फॉर्म मी नेहमी लिहिते. त्यात ओळ हलवली की रकान्यांची नावे बदलतात. कन्सोलमध्ये तपासायला म्हणून एखादे नाव टाइप केले तर त्या तपासण्यानेच पुढचे वागणे बदलते. दोष शोधण्याचे साधनच जिथे दोष हलवते, तिथे माणसाने कशावर भिस्त ठेवायची?

चौथी तक्रार फॉर्म लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला आलेली आहे. बटणाला 'सबमिट' नेम दिले की 'फॉर्म.सबमिट' ही मेथड नाहीशी होते आणि तिच्या जागी बटण येते. मग 'हे फंक्शन नाही' अशी त्रुटी येते. 'ॲक्शन' नावाचा रकाना असेल तर फॉर्म कुठल्या पत्त्यावर जाणार हे वाचता येत नाही, 'आयडी' नावाचा असेल तर फॉर्मचा आयडी वाचता येत नाही. यावरचा उपाय आम्हाला ठाऊक आहे. मूळ प्रोटोटाइपवरची (सर्व फॉर्मांच्या सामायिक नमुन्यावरची) मेथड घेऊन ती फॉर्मवर लावायची. पण फॉर्म पाठवण्यासारख्या रोजच्या कामाला असा वळसा का घ्यावा लागावा, याचे उत्तर एकच आहे. फॉर्म आणि डॉक्युमेंट या दोन वस्तूंना तुम्ही त्यांच्या अंगभूत मेथडींवर नेमने कुरघोडी करू देण्याची खास सूट ठेवली आहे. संग्रहांना ही सूट नाही. त्यामुळे 'लेंग्थ' नेमचा रकाना संग्रहाची लांबी बिघडवत नाही, पण फॉर्मची स्वतःची 'लेंग्थ' बिघडवतो.

डॉक्युमेंटच्या बाबतीत तर ही सूट स्वतःलाच गिळते. पानावर 'गेट-एलिमेंट्स-बाय-नेम' हेच नेम असलेली एक इमेज ठेवा. त्यानंतर नेमने शोधण्याची ती मेथड डॉक्युमेंटवर उरत नाही, तिथे इमेज असते. 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी'चेही तसेच. नावाने शोधण्याचे साधन एखाद्या नावानेच पुसले जावे, ही रचना कुठल्याही निकषावर मला समर्थनीय वाटत नाही.

इथून प्रश्न गैरसोयीचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर थोड्याफार टॅगांसह दाखवणारी असंख्य पाने आहेत. स्क्रिप्ट काढून टाकली, इव्हेंटचे गुणधर्म काढून टाकले, आता उरलेले निरुपद्रवी आहे असे त्यांचे लेखक समजतात. पण निव्वळ आयडी आणि नेम वापरून पानावरच्या प्रोग्रॅमची व्हेरिएबले बदलता येतात. या हल्ल्याला डॉम क्लॉबरिंग म्हणतात. 2019 मध्ये एका सुरक्षा संशोधकाने जीमेलमधल्या एएमपी या परस्परसंवादी ईमेल प्रकारात या मार्गाने स्क्रिप्ट चालवता येते हे दाखवले आणि गूगलने ते दुरुस्त केले. 2024 मध्ये वेबपॅक या बंडलरच्या (अनेक स्क्रिप्ट फायली एकत्र बांधणाऱ्या साधनाच्या) रनटाइममध्ये, म्हणजे पानावर चालणाऱ्या त्याच्या कोडमध्ये, असाच दोष उघड झाला. आपली स्क्रिप्ट कुठल्या पत्त्यावरून आली हे तो रनटाइम 'डॉक्युमेंट.करंट-स्क्रिप्ट'ला विचारत होता, आणि पानावर 'करंट-स्क्रिप्ट' नेमची एक इमेज असली की उत्तरात त्या इमेजचा पत्ता मिळत होता. पुढच्या स्क्रिप्ट मग तिथूनच आणल्या जायच्या. दुरुस्ती काय होती? मिळालेली वस्तू खरोखर स्क्रिप्ट टॅगच आहे ना, हे तपासणे. त्याच वर्षी रोलअप आणि व्हीट या तशाच साधनांनाही अशाच दुरुस्त्या कराव्या लागल्या.

ही साधने लिहिणारे लोक या विषयातले जाणकार आहेत. तेही फसले, याचा अर्थ सावधगिरीचा सल्ला पुरेसा नाही. मजकूर स्वच्छ करणाऱ्या लायब्ररी आज काय करतात ते बघा. घटकाचे 'नोड-नेम', 'ॲट्रिब्यूट्स', 'रिमूव्ह-चाइल्ड' हे खरेच मूळचे आहेत की कुणी रकान्याच्या नेमने झाकले आहेत, हे त्या आधी पडताळतात. कारण ज्या फॉर्मचे गुणधर्म तपासायचे, त्यातल्याच एका इनपुटचे नेम 'ॲट्रिब्यूट्स' असू शकते. काही ठिकाणी वापरकर्त्याच्या प्रत्येक आयडी नि नेमला पुढे एक ठरावीक उपसर्ग जोडतात. जेक्वेरीच्या काळात आम्ही ब्राउझर बिघडला आहे का ते तपासत होतो, आता मानक आपल्या बाजूचे आहे का ते तपासतो.

पाचवी तक्रार थोडक्यात. ग्लोबल नावांचा हा प्रकार चुका लपवतो. चाचणीच्या पानावर 'रिझल्ट' आयडीचा घटक असला आणि कोडमध्ये 'रिझल्ट' हे व्हेरिएबल जाहीर करायचे राहून गेले, तर त्रुटी यायला हवी. ती येत नाही, गुपचूप घटक मिळतो. जावास्क्रिप्टच्या कडक नियमांच्या स्ट्रिक्ट मोडमध्ये आणि मॉड्यूलमध्येही हेच. तोच कोड तो घटक नसलेल्या पानावर गेला की कोसळतो. आणि तुम्ही विंडोवर नवी सोय आणलीत की त्या नावाचे घटक दिसेनासे होतात. 2022 मध्ये क्रोमने 'नेव्हिगेशन' ही वस्तू आणली. त्या आयडीचा मेनू किती पानांवर असेल याचा अंदाज तुम्हालाच जास्त असेल. 'स्टेटस', 'नेम', 'टॉप', 'पेरेंट' ही नावे तर कधीच चालत नव्हती.

सहावी. जिथे नेमने शोध खरोखर हवा आहे, तिथे तो नाही. 'गेट-एलिमेंट्स-बाय-नेम' फक्त डॉक्युमेंटवर आहे. एखाद्या विभागाच्या आत, फ्रॅगमेंटमध्ये (पानाला न जोडलेल्या तुकड्यात) किंवा शॅडो रूटमध्ये (घटकाच्या आतल्या वेगळ्या झाकलेल्या रचनेत) ती मिळत नाही. तिथे 'क्वेरी-सिलेक्टर-ऑल' वापरून नेम जुळवावे लागते. त्यासाठी नेममध्ये कंस असले तर ते अवतरणांत घालावे लागते, त्यातली अवतरणे नि उलट्या तिरक्या रेषा सीएसएसच्या नियमांनी सुरक्षित कराव्या लागतात, आणि फॉर्मच्या रकान्यांच्या नावांत चौकटी कंस सर्रास असतात. शिवाय 'गेट-एलिमेंट्स-बाय-नेम'ची यादी जिवंत, म्हणजे पान बदलले की बदलणारी, आणि 'क्वेरी-सिलेक्टर-ऑल'ची गोठलेली. जिवंत यादीवरून लूप फिरवताना नेम बदलले की यादी पायाखालून सरकते आणि एकाआड एक घटक सुटतात. दोन्ही पद्धती शिकवताना मला दर वेळी हा फरक वेगळा सांगावा लागतो.

आता तुमची बाजू. जुनी पाने मोडायची नाहीत, हा तुमचा सर्वांत मोठा नियम आहे आणि मी त्याचा मनापासून आदर करते. विसाव्या शतकात लिहिलेले पान आजही उघडते, ही वेबची फार मोठी कमाई आहे, आणि ती तुमच्यामुळे आहे. 'डॉक्युमेंट.ऑल'बाबत तुम्ही जे केले ते मी शिकवताना कौतुकाने सांगते. ती वस्तू अस्तित्वात आहे, तरी तिचा प्रकार विचारला तर 'अनडिफाइन्ड' असे उत्तर येते आणि अटीत ती खोटी ठरते. जुना कोड चालतो, आणि ती आहे का हे तपासून इंटरनेट एक्सप्लोरर ओळखणारा कोड योग्य वाटेने जातो. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या मानकातही खास तरतूद करावी लागली. म्हणजे ठरवले तर किती टोकाची सुसंगतता सांभाळता येते, हे तुम्ही दाखवून दिले आहे. मग जुन्या पानांना धक्का न लावता नव्या पानांना यातून सुटका देणे तुमच्या आवाक्याबाहेरचे नक्कीच नाही. पानाच्या सुरुवातीचा डॉकटाइप बघून क्वर्क्स मोड (जुन्या पानांसाठीची जुनी वागणूक) आणि मानक मोड वेगळे करण्याची युक्ती याच कारणासाठी निघाली होती, आणि ग्लोबल नावांची ही सोय फायरफॉक्सने अनेक वर्षे फक्त क्वर्क्स मोडपुरती ठेवली होती. पुढे इतरांशी जुळवून घेण्यासाठी ती मानक मोडमध्येही आली. सगळ्या ब्राउझरांनी सारखे वागावे हा हेतू योग्य होता. फक्त सारखे वागण्यासाठी सगळ्यांचे वाईट वागण्यावर एकमत झाले, याचे मला दुःख आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, पान लिहिणाऱ्याला निवड द्या. सर्व्हरच्या हेडरमधून किंवा पानाच्या शीर्षभागातून सांगता यावे की या पानावर आयडी आणि नेम विंडोवर, डॉक्युमेंटवर आणि फॉर्मवर प्रॉपर्टी म्हणून येऊ नयेत. मूळ स्थिती आहे तीच राहू द्या, म्हणजे जुने काही मोडणार नाही. ही एकच मागणी मान्य झाली तरी वरच्या बऱ्याच तक्रारी माझ्यापुरत्या संपतील. सगळ्यात आधी हीच घ्या.

दोन, ते एकदम जमणार नसेल तर निदान कुरघोडीची सूट काढता येईल असे करा. नावाने घटक मिळाला तरी चालेल, पण अंगभूत मेथड झाकली जाऊ नये.

तीन, डेव्हलपर टूल्समध्ये इशारा द्या. रकान्याच्या नेममुळे 'सबमिट' झाकले गेले, जाहीर न केलेल्या व्हेरिएबलच्या जागी त्या नावाचा घटक दिला गेला, फॉर्मने जुन्या नावावरून उत्तर दिले, अशा प्रत्येक वेळी कन्सोलमध्ये एक ओळ दिसावी. वेबवरचे काहीही यामुळे मोडत नाही. यासाठी कुठल्याही समितीची वाट बघायची गरज नाही, प्रत्येक इंजिन हे स्वतंत्रपणे करू शकते.

चार, नेमने शोधण्याची एक सरळ मेथड घटक, फ्रॅगमेंट आणि शॅडो रूट या सर्वांवर द्या. ती फक्त नेम बघेल, नेहमी यादीच देईल, एक सापडला तरी आणि एकही सापडला नाही तरी. फॉर्मच्या संग्रहालाही अशी नेहमी यादी देणारी मेथड जोडा. 'फॉर्म-डेटा'मध्ये 'गेट-ऑल' अशीच वागते आणि तिच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

पाच, इंटरॉप उपक्रमात हा विषय घ्या. ॲपल, बोकूप, गूगल, इगालिया, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला 2022 पासून दर वर्षी काही क्षेत्रे निवडून ब्राउझरांमधले फरक मिटवतात, आणि त्याचा फायदा आम्हाला रोज जाणवतो. नवीन आकर्षक वैशिष्ट्यांच्या शेजारी नावांच्या या जुन्या जंजाळालाही एकदा जागा मिळावी. सामायिक चाचण्यांचा संच आहेच, त्यात वर सांगितलेल्या प्रत्येक वाटेची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र आणाव्यात. आणि कोणत्या वाटेने कोणता टॅग कोणत्या गुणधर्माने सापडतो याचा एकच तक्ता मानकात छापा. आज ती माहिती मानकाच्या पाच-सहा विभागांत विखुरलेली आहे.

यातले काही आधीच चर्चेत असेल, काहींना तुमच्याकडे सबळ नकार असेल. नकार असेल तर तो कारणांसह, सगळ्यांना वाचता येईल असा द्या. मग निदान आम्ही शिकवताना, साधने लिहिताना आणि नवे प्रकल्प आखताना तो गृहीत धरू शकू. चाचण्या लिहिणे, तक्ता तयार करणे, नव्या मेथडीचा मसुदा वापरून बघणे यांपैकी ज्या कामाला माणसे कमी असतील, त्याला मी वेळ द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे फॉर्म लिहिणारे इतरही तयार होतील.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

फॉर्म लिहिणारी एक वेब डेव्हलपर